तेविसाव्या क्रमांकावरची गाणी

प्रश्न असा आहे: "साठ-सत्तरच्या दशकातलं इंग्रजी पॉप मला मनापासून आवडतं. पण कुठलंही संकलन घेतलं तरी तीच वीस-पंचवीस गाणी भेटतात. त्या काळी गाजलेली आणि आज कुणीच न वाजवणारी गाणी कुठे शोधायची? आणि संकलनावर जे ऐकू येतं ते मूळ ध्वनिमुद्रण आहे हे कसं ओळखायचं?"

गेली बावीस वर्षं मी जुन्या तबकड्या आणि टेपांचं डिजिटल रूपांतर करते. अधूनमधून संकलनांसाठी गाणी वेचून देण्याचं कामही माझ्याकडे येतं. म्हणून सविस्तर लिहिते. सगळ्यात आधी एक गोष्ट सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. गाजलेलं गाणं विस्मरणात जातं ते बहुतेक वेळा सुमार असतं म्हणून नव्हे. कुणाच्या तरी कपाटात त्याची टेप अडकलेली असते, कुणाच्या तरी करारात त्याचं नाव अडकलेलं असतं, किंवा वाजवणाऱ्यांनी सोयीसाठी त्याच्या वरच्या क्रमांकाचं गाणं उचललेलं असतं.

अमेरिकेतल्या 'बिलबोर्ड' साप्ताहिकाची 'हॉट हंड्रेड' ही यादी ४ ऑगस्ट १९५८ रोजी सुरू झाली. साठच्या दशकाच्या मध्यावर वर्षाकाठी सातशेच्या आसपास नवी गाणी तिच्यात शिरत होती. पहिल्या क्रमांकापर्यंत पोचत होती ती जेमतेम पंचवीस. आज जुन्या गाण्यांचे रेडिओ कार्यक्रम, जाहिराती आणि चित्रपट ज्यांच्यावर चालतात ती बहुतांशी या पंचविसांतली आणि त्यांच्या शेजारपाजारची. बाकीची कित्येक शे गाणी लोकांनी तेव्हा विकत घेतली, त्यांवर नाचले, ती फोन करून रेडिओवर मागितली, आणि पुढे ती नुसती बाजूला पडली. तुमची खाण अकरा ते चाळीस या क्रमांकांमध्ये आहे. माझ्या आवडीची निम्मी गाणी विशीच्या घरातच थांबलेली आहेत.

हा क्रमांक वाचायचा कसा तेही सांगते, कारण तो बऱ्याचदा फसवतो. तेव्हाचा अमेरिकन रेडिओ स्थानिक होता. एखादं गाणं एका शहरात मार्चमध्ये पहिलं यायचं, दुसऱ्या शहरात त्याची लाट मे महिन्यात यायची आणि तोवर पहिल्या शहरातली ओसरलेली असायची. देशभराचा हिशोब आठवड्याचा. त्यामुळे असं गाणं तेविसाव्या क्रमांकावरच घुटमळायचं, जरी प्रत्येक गावात ते कधी ना कधी डोक्यावर घेतलं गेलेलं असलं तरी. टॉमी जेम्स अँड द शॉन्डेल्स यांचं 'हँकी पँकी' हे याचं बोलकं उदाहरण. ते १९६४ मध्ये मिशिगनमध्ये ध्वनिमुद्रित झालं, आसपासच्या भागात चाललं आणि विझलं. वादकांचा तो संचही मोडला. पुढे पिट्सबर्गमधल्या नाचाच्या कार्यक्रमांत तबकड्या वाजवणाऱ्या एका डीजेच्या हाती ती जुनी तबकडी लागली, तिथल्या मुलामुलींनी ती उचलून धरली, आणि जुलै १९६६ मध्ये तेच गाणं देशात पहिलं आलं. एका शहरातल्या एका माणसानं जुन्या गठ्ठ्यात हात घातला म्हणून ते वाचलं. असा हात न लाभलेली गाणी किती असतील याचा विचार केला की मला अजूनही रुखरुख लागते.

म्हणून मी सर्वोच्च क्रमांकापेक्षा गाणं यादीत किती आठवडे टिकलं ते आधी बघते. अठ्ठाविसाव्या क्रमांकाच्या वर न गेलेलं पण तेरा आठवडे तग धरलेलं गाणं लोकांच्या जिवाभावाचं होतं. नवव्या क्रमांकावर उडी मारून सहाव्या-सातव्या आठवड्यात गायब झालेलं गाणं मात्र कंपनीनं जोर लावून वर ढकललेलं असू शकतं. ही माहिती जोएल व्हिटबर्न यांनी १९७० पासून काढलेल्या जाडजूड पुस्तकांत एकेका गाण्यापुढे छापलेली आहे. ती पुस्तकं हाताशी असली तर निम्मं काम झालं. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. १९९१ पर्यंत ही क्रमवारी दुकानदार आणि रेडिओ केंद्रांनी कळवलेल्या माहितीवर ठरत होती, बिलं मोजून नव्हे. 'कॅश बॉक्स' हे दुसरं साप्ताहिक आपली वेगळी यादी छापायचं आणि दोन्हींत पुष्कळदा फरक असायचा. एकीकडे पंचेचाळिसावं दिसणारं गाणं दुसरीकडे तिसाव्याच्या आत सापडतं. मी दोन्ही बघते.

आता संकलनांकडे वळू. जुनी गाणी एकत्र करून विकायची कल्पना पॉप संगीताइतकीच जुनी आहे. लॉस एंजेलिसचे रेडिओ निवेदक आर्ट लाबो यांच्याकडे श्रोते चार-पाच वर्षांपूर्वीची गाणी सारखी मागत. त्या मागण्यांवरून त्यांनी १९५९ मध्ये 'ओल्डीज बट गुडीज' ही एलपी, म्हणजे बऱ्याच गाण्यांची मोठी तबकडी, काढली आणि ती बिलबोर्डच्या अल्बमच्या यादीत तीन वर्षांहून अधिक काळ राहिली. चार-पाच वर्षांत गाणं 'जुनं' होत होतं, इतका तो बाजार वेगवान होता.

मग के-टेल ही कंपनी आली. कॅनडातल्या विनिपेगचे फिलिप काइव्ह्स दूरचित्रवाणीवरून स्वयंपाकघरातली उपकरणं विकत. १९६६ मध्ये त्याच पद्धतीनं त्यांनी पंचवीस कंट्री गाण्यांची एलपी विकली, आणि पुढची दोन दशकं के-टेलची संकलनं घराघरांत पोचली. जाणकार त्यांना नाकं मुरडतात आणि आवाजाच्या बाबतीत त्यांचं म्हणणं बरोबर आहे. एलपीच्या एका बाजूला बावीस-तेवीस मिनिटं सुखानं मावतात. तिथे दहा-अकरा गाणी बसवायची तर चर दाटीनं कापावे लागतात, मग आवाज बारीक होतो आणि खर्ज उतरतो. तेही पुरलं नाही की गाण्यालाच कात्री: एखादं कडवं गळतं, शेवट अर्ध्यावर विरतो. माझ्याकडे रूपांतरासाठी आलेल्या अशा एलपींवर एकाच गाण्यातलं मधलं वाद्यसंगीत बेमालूमपणे उडवलेलं मी ऐकलं आहे. तरीही मी या एलपी टाकून देत नाही. वीस-बावीस जागा भरायच्या आणि सगळ्याच ठिकाणी पहिल्या क्रमांकाची गाणी परवडायची नाहीत, म्हणून त्यांनी पंचविसाव्या-तिसाव्या क्रमांकाची गाणी आत घेतली. त्या त्या वर्षी सामान्य घरात खरोखर काय वाजत होतं याचा इतका सच्चा नमुना दुसरीकडे मिळत नाही. के-टेलची एलपी नकाशा म्हणून वापरा. गाण्यांची यादी उतरवून घ्या आणि तीच गाणी चांगल्या आवाजात दुसरीकडे शोधा.

ब्रिटनमध्ये त्याच काळात स्वस्तातल्या आणखी एका प्रकाराची चलती होती: चालू हिट गाणी पडद्यामागच्या गायकांकडून हुबेहूब गाऊन घ्यायची. १९७१ मध्ये अशा तबकड्या तिथल्या अल्बमच्या यादीत अव्वल क्रमांकावरही गेल्या आणि मग त्यांना त्या यादीतून वगळण्यात आलं. तुमच्या शोधात त्यांचा उपयोग नाही; मुखपृष्ठावर कलाकाराचं नाव नसेल तर पुढे चला.

खरं वळण आलं १९७२ मध्ये. इलेक्ट्रा कंपनीचे जॅक होल्झमन यांनी लेनी के या तरुण लेखक-गिटारवादकाला जुनी गाणी वेचायला सांगितलं आणि 'नगेट्स' ही दुहेरी एलपी तयार झाली. गाणी सत्तावीस, काळ साधारण १९६५ ते १९६८. म्हणजे सगळ्यात जुनं गाणं जेमतेम सात वर्षांचं, आणि तरी त्यातली बरीचशी तोवर विसरली गेली होती. के यांनी काय केलं ते नीट पाहा. त्यांनी क्रमांक लावले नाहीत. गराजमध्ये सराव करणाऱ्या पोरांचं एक-दोन गाण्यांपुरतं झळकून गेलेलं संगीत त्यांनी एका धाग्यात ओवलं, सोबत टिपणं लिहिली आणि हा एक वेगळा बाज आहे असं ठामपणे मांडलं. १९९८ मध्ये ऱ्हायनो कंपनीनं याच कल्पनेचा चार सीडींचा संच काढला तेव्हा त्यात ११८ गाणी झाली. संकलन भरणं आणि संकलन वेचणं यातला फरक ऐकायचा असेल तर 'नगेट्स' आधी ऐका. वेचणाऱ्याला आपली गाणी एकमेकांशेजारी का ठेवली हे सांगता येतं.

ऱ्हायनोचंच दुसरं मोठं काम म्हणजे १९९० पासून आलेली सत्तरच्या दशकातल्या हिट गाण्यांची 'हॅव अ नाइस डे' ही मालिका. तिचे पंचवीस भाग निघाले. समीक्षकांनी ज्याला उथळ म्हणून झटकलं होतं ते मध्यमलहरींवरचं गोडगोड पॉप या मालिकेनं आदरानं मांडलं: एकाच गाण्यापुरते उरलेले गायक, कुठल्याशा कथागीताचे निवेदक, ज्यांची नावं खुद्द त्यांच्या कंपनीच्या लक्षात राहिली नव्हती असे लोक. अशा लांबलेल्या मालिकांबद्दल अनुभवाची एक गोष्ट सांगते. पहिले भाग सोडून मागचे भाग आधी घ्या. सुरुवातीला सगळ्यांना माहीत असलेली गाणी संपतात. बाराव्या-पंधराव्या भागापाशी वेचणाऱ्याला खोल उतरावं लागतं, आणि तुम्ही शोधताय ती गाणी तिथे असतात. त्याआधीच्या काळासाठी लंडनच्या एस रेकॉर्ड्सची 'द गोल्डन एज ऑफ अमेरिकन रॉक अँड रोल' ही १९९१ पासूनची मालिका मला सर्वांत भरवशाची वाटते. मूळ टेप शोधण्याची चिकाटी आणि सोबतच्या पुस्तिकेतली माहिती, दोन्ही बाबतींत.

आता कागदपत्रांची गोष्ट. फिलाडेल्फियाच्या कॅमिओ-पार्कवे या कंपनीची गाणी साठच्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकाभर वाजत होती. चबी चेकर यांचं 'द ट्विस्ट' तिचंच. ते १९६० मध्ये पहिलं आलं आणि जानेवारी १९६२ मध्ये पुन्हा पहिलं आलं. ऑक्टोबर १९६६ मध्ये पहिलं आलेलं क्वेश्चन मार्क अँड द मिस्टेरियन्स यांचं 'नाइन्टी सिक्स टिअर्स' हेही तिचंच. साठच्या दशकाच्या अखेरीला या कंपनीची मालकी ॲलन क्लाइन यांच्याकडे गेली, आणि तिची मूळ ध्वनिमुद्रणं २००५ पर्यंत सीडीवर अधिकृतपणे आलीच नाहीत. सीडीचा अख्खा बहराचा काळ या गाण्यांविना गेला. त्या वर्षांत संकलन करणाऱ्यांपुढे दोनच वाटा होत्या: गाणं वगळायचं, नाहीतर त्याच गायकानं नंतर पुन्हा गायलेली प्रत घ्यायची. पहिल्या क्रमांकाच्या गाण्यांची ही गत. मग त्याच कंपनीच्या तिसाव्या क्रमांकाच्या गाण्यांना कोण विचारणार? 'तीच वीस-पंचवीस गाणी भेटतात' या तुमच्या तक्रारीचं हे अर्धं उत्तर आहे. ज्यांचा परवाना सहज मिळतो ती गाणी पुन्हा पुन्हा छापली जातात.

कायद्यानं याच्या उलटही घडवलं आहे. युरोपात ध्वनिमुद्रणांचं संरक्षण पन्नास वर्षांवरून सत्तरवर नेणारा निर्देश २०११ मध्ये निघाला, पण १९६३ पूर्वी प्रसिद्ध झालेली ध्वनिमुद्रणं तोवर या हक्कांतून मुक्त झाली होती आणि ती मुक्तच राहिली. त्यामुळे १९६२ पर्यंतच्या हिट गाण्यांचे तीन-तीन, चार-चार सीडींचे स्वस्त संच युरोपात मुबलक निघाले. दुर्मीळ गाणी पहिल्यांदा कानावर पडायला ते उपयोगी आहेत. पण मुक्त झालं ते ध्वनिमुद्रण. मूळ टेप काही कुणाच्या हाती येत नाही. यातले बरेच संच जुन्या तबकड्यांवरून किंवा दुसऱ्यांच्या सीडींवरून उतरवलेले असतात.

हे कानाला कळतं. गाण्याचा शेवट, आवाज विरत जातो तो भाग, कानाला हेडफोन लावून ऐका. टेपची सळसळ संगीताबरोबर शेवटपर्यंत राहिली पाहिजे. सळसळ आधी गेली आणि आवाज पाण्याखालून आल्यासारखा झाला, तर खरखर काढायचं सॉफ्टवेअर जोरात चालवलं आहे. झांजा ऐका. त्या 'छन्न' न वाजता 'स्स्स' करून भुरभुरत असतील तर वरचे स्वर गेले आहेत. मी स्वतः काम करताना थोडी खरखर राहू देते. ती सहन होते. गेलेल्या झांजा मात्र परत आणता येत नाहीत.

तुमचा दुसरा प्रश्न पुन्हा गायलेल्या प्रतींचा. सुरुवातीच्या काळात मी एका संकलनावर वर्षानुवर्षं शोधत असलेलं गाणं पाहून ते घेतलं, घरी येऊन लावलं, आणि दुसऱ्या ओळीला गायक थकलेला वाटला. मागच्या बाजूला तळाशी बारीक अक्षरांत लिहिलं होतं की काही गाणी मूळ कलाकारांनी नव्यानं गायली आहेत. तेव्हापासून ती तळाची ओळ मी सर्वांत आधी वाचते. 'मूळ कलाकार' हे शब्द म्हणजे 'मूळ ध्वनिमुद्रण' नव्हे. या प्रती निघाल्या त्याचं कारण साधं आहे. जुनी टेप कंपनीची असते आणि गायकाच्या हाती फक्त आपला गळा उरतो. करारातली पुन्हा न गाण्याची मुदत संपली की तो तेच गाणं नव्यानं गातो आणि त्याचे चार पैसे त्याला मिळतात. गायकाला मी त्याबद्दल बोल लावणार नाही, पण तुम्ही शोधताय ते हे नव्हे. ओळखायच्या खुणा: ड्रम फार रुंद आणि चकचकीत, आवाजाभोवतीची घुमणी यंत्रातून आलेली, गिटारच्या जागी सिंथेसायझर, पट्टी अर्ध्या-एक सुरानं खाली. स्ट्रीमिंगवर गाण्यापुढे दिसणाऱ्या वर्षावर विसंबू नका. पुष्कळदा ते संकलन निघाल्याचं वर्ष असतं.

लांबी ताडून पाहणं हा चांगला उपाय, पण तबकडीवर छापलेली वेळ वेदवाक्य मानू नका. रेडिओवाले तीन मिनिटांपुढचं गाणं लावायला कचरत, म्हणून निर्माते फिल स्पेक्टर यांनी १९६४ मध्ये राइटियस ब्रदर्सच्या 'यूव्ह लॉस्ट दॅट लव्हिन फीलिन' या पावणेचार मिनिटांच्या गाण्याच्या लेबलवर '३:०५' असं छापून घेतलं होतं.

मोनो (सगळा आवाज एकाच वाहिनीत) आणि स्टिरिओ (डाव्या-उजव्या दोन वाहिन्यांत) हा विषय लोक कंटाळून सोडतात, पण याच्यात सगळ्यात मोठा आनंद दडलेला आहे. साठच्या दशकाचा बराच काळ सिंगल, म्हणजे एका बाजूला एकच गाणं असलेल्या छोट्या तबकड्या, मोनोत निघत, कारण ती मध्यमलहरींच्या रेडिओवर आणि एका स्पीकरच्या छोट्या प्लेअरवर वाजणार होती. निर्मात्याचा जीव त्या मोनो मिक्समध्ये, म्हणजे गायन-वादनाच्या त्या जुळणीत, होता. एलपीसाठीचं स्टिरिओ पुष्कळदा नंतर उरकलेलं असे: गायक एका कानात, ड्रम दुसऱ्या कानात, मधे पोकळी. पुढच्या काळातल्या संकलनांनी स्टिरिओ म्हणजे चांगलं असं धरून हीच मिक्स वापरली. तुम्ही एखादं गाणं 'बरं आहे, पण एवढं गाजलं का?' म्हणून सोडलं असेल, तर त्याचं मोनो सिंगल मिक्स शोधून एकदा ऐका. काही वेळा शेवट वेगळा असतो, काही वेळा गायनच वेगळं असतं, आणि काही सिंगल तबकडी कापताना किंचित वेगानं चालवलेली असल्यानं तिची पट्टी चढी लागते. लोकांनी ज्यावर जीव टाकला ते गाणं ते होतं. ज्या संकलनाच्या पुस्तिकेत प्रत्येक गाण्यापुढे मोनो की स्टिरिओ आणि सिंगल की एलपी हे लिहिलेलं असतं, ते कुणीतरी जबाबदारीनं केलेलं आहे हे नक्की समजा.

सुरुवात कशी कराल? एक वर्ष निवडा. माझ्या मते १९६६, कारण त्या वर्षी पॉपच्या सगळ्या वाटा एकाच वेळी उघड्या होत्या. त्या वर्षातली अकरा ते चाळीस क्रमांकांत थांबलेली आणि दहाहून अधिक आठवडे टिकलेली गाणी वहीत उतरवा. पहिल्या ऐकण्यात नावं बघू नका. आवडलेल्या गाण्यांवर खूण करा, आणि मगच गायकाचं नाव सोडून बाकीची नावं वाचा: गीतकार-संगीतकार, निर्माता, संगीत संयोजक, कंपनी. विसरलेल्या हिट गाण्यांत गायक एकदाच येतो, पण त्याच्यामागची माणसं पुन्हा पुन्हा येतात. लॉस एंजेलिसच्या स्टुडिओंतले हाल ब्लेन यांच्यासारखे ड्रमवादक किंवा न्यूयॉर्कमधल्या गॅरी गॉफिन-कॅरोल किंग यांच्यासारख्या गीतकार जोड्या एकदा ओळखीच्या झाल्या की त्यांच्या धाग्यानं तुम्ही दहा अनोळखी गायकांपर्यंत पोचता. माझा निम्मा संग्रह असाच जमला.

आणि एखादं गाणं कुठल्याच संकलनावर धड सापडलं नाही, तर पंचेचाळीसची, म्हणजे मिनिटाला पंचेचाळीस फेरे घेणारी, मूळ सिंगल तबकडी घ्या. मधल्या क्रमांकाची गाणी तेव्हा भरपूर खपली, त्यामुळे त्यांच्या जुन्या प्रती बऱ्याच उरल्या आहेत आणि अतिदुर्मीळ म्हणून मिरवणाऱ्या तबकड्यांच्या मानानं त्या सहज मिळतात. अमेरिकेत त्या काळी कित्येक सिंगल व्हिनाइलऐवजी पॉलिस्टायरीनवर छापली जात. ती हाताला हलकी आणि ताठ लागतात, टिचकी मारली की टणक वाजतात. त्यांचे चर लवकर झिजतात, तेव्हा शंकूसारख्या गोल टोकाची सुई वापरा, भार हलका ठेवा, आणि गाण्याचा आरंभ पकडायला तबकडी हातानं मागेपुढे फिरवू नका. पहिल्या सुरांवर येणारी खरखर बहुतेक त्यानंच आलेली असते. मोनो तबकडी उतरवून घेताना दोन्ही वाहिन्या एकत्र करा. चरांतल्या उभ्या हालचालीमुळे येणारी बरीचशी खरखर तेवढ्यानंच जाते, सॉफ्टवेअरला हात न लावता.